डोनलआजोबांची भाषा

८ जून २००१, शुक्रवार
ठरलं. यंदाही देवगड नाही. सूनबाई, नोरा, जेवताना म्हणाली, तिच्या आयर्लंडात समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे अख्खी कुटुंबं सुट्टीला जाऊन आयरिश शिकतात. लहान-मोठी सगळी. परेश मान डोलावत होता. मी म्हटलं, अरे, पोरीला गणपतीला गावी न्यायचं होतं ना? तर म्हणाला, "आबा, इथे दुबईत रजा वर्षातून एकदाच मिळते. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."
पुढच्या वर्षी मी असेन का, हे कोणी विचारत नाही.

१५ जून
अस्मी लिफ्टमध्येसुद्धा आयरिश पुटपुटते. कॅसेट आणली आहे. नऊ वर्षांची नात, माझ्या डोळ्यांसमोर वाढली, 'आबा' सोडून एक मराठी शब्द तोंडात नाही — आणि हे येतं! आज फोनवर तिच्या डोनलआजोबाला, म्हणजे नोराच्या वडिलांना, दोन वाक्यं ऐकवली. तो तिकडून असा हसला की मला सोफ्यावर ऐकू आलं.
फोन ठेवल्यावर मी हाक मारली, "अस्मी, कम. ईट मँगो. व्हेरी स्वीट."
"लेटर, आबा."
आंबा मीच खाल्ला. गोड लागला नाही.

२ जुलै
तिकडे थंडी. पोरीचा घसा नाजूक. मीना बझारात जाऊन स्वेटर आणला — या उन्हात! दुकानदार हसत होता. घरी आल्यावर नोरा म्हणाली, डोनलआजोबांनी तिच्यासाठी तिकडे विणून घेतलाय.
माझा कपाटात ठेवला.

१३ जुलै
सगळे गेले. गॅस बंद केला की नाही, सारखा उठून बघतो. विमानाचंही मनात येतं, ते इथे लिहीत नाही.
गणू आला होता. आमच्या गावचा, रास अल खोरला गोदामात असतो. त्याच्यासाठी सोलकढी केली. म्हणाला, "आबानू, जळतास कित्याक? तोवय आजोच मां तिचो!"
मी म्हटलं, आजो असू दे. तो तिला आपली भाषा देतोय. माझी माझ्याबरोबरच जाणार.
गणूने वाटी तोंडाला लावली. मग म्हणाला, "कढी बरी झाली हा."

२० जुलै
फोन आला. उतरलेत त्या घरच्या बाईचा नियम आहे — जेवणाच्या टेबलावर जो इंग्रजी बोलेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. रोज डोनलआजोबाच घासतात म्हणे.
मला कळेना. भाषा त्याची, मग तोच का?

४ ऑगस्ट
आली. उंच झाल्यासारखी वाटते. फोटो दाखवले. वर्गात पोरांच्या मध्ये बाकावर तो, पांढरे केस, गळ्यात नावाची चिठ्ठी. मी विचारलं, "डोनल टीचर?"
"नो, आबा. ही इज अ बिगिनर. आय हेल्प हिम."
परेशने नीट सांगितलं. ती भाषा डोनलच्या आजीची. त्याच्या घरात पुढे कोणी बोललंच नाही, त्याला कोणी शिकवलीच नाही.
खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. त्याला येत नाही. मला माझी येते.

५ ऑगस्ट
अस्मीने इथेही तोच नियम लावला. टेबलावर इंग्रजी बंद, फक्त आबांची भाषा. पोरगी हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी भाताचं भांडं पुढे केलं आणि म्हणालो, "टेक राइस, अस्मी."
भांडी मी घासली.