डायनामोतला दोष

अण्णा, परवा रविवारी तुमचा डायनामो सायकलला लावला. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. तेरा वर्षं तो माझ्या कपाटात, खालच्या खणात, जुन्या टॉवेलात गुंडाळून होता. चाकाला घासणारं त्याचं डोकं गंजलेलं नाही. साबणाच्या डबीत बसवलेलं तुमचं सर्किटही तसंच आहे, डबीला अजून साबणाचा वास येतो. फोनची पिन मात्र आता बदलली आहे. तुमच्या वायरीला जोडायला वेगळी पिन विकत आणावी लागली.

तुम्ही आयुष्यभर यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून दिल्या. दुकानात तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास. मी शाळेतून येतो, दारात उभा राहून हाक मारतो, आणि तुम्ही मान वर करत नाही, कारण वेढे मोजणं चालू आहे. मोजणी संपल्यावर म्हणता, "आता बोल." भरलेली मोटार तुम्ही लगेच देत नव्हता. ती तासभर चालवायची, तिच्या अंगावर तळहात ठेवून बसायचं. गिऱ्हाईक घाई करायचं, माग बंद पडलाय म्हणून कुरकुरायचं. तुम्ही म्हणायचा, "मोटार काय बोलती ते हाताला कळू दे की. तुमी बसा, च्या घ्या."

मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या नादी लागलो, तेव्हा तुम्ही दुकान बंद केलं होतं. आमच्या गटात डॉक्टर होते, बँकेतले साहेब होते. फोनवर सगळ्या वाटेची नोंद व्हायची, ती मधेच तुटली तर फेरी धरत नसत. तुम्ही माझी सायकल उचलून पाहिली, एका बोटानं चाक फिरवलं आणि हसलात. "एवढी महागाची सायकल, आन् फोनला पाजायला पाणी न्हाय. गावाकडची म्हस बरी." पुढच्या महिन्यात भंगारातून जुना डायनामो आणलात, त्याची तार काढून बारीक तारेचे जास्त वेढे भरलेत. सायकल उलटी करून हातानं पेडल फिरवलंत. माझ्या फोनवर चार्जिंगचं चिन्ह आलं. आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलंत. तिचे हात पिठाचे होते, तिनं लांबूनच पाहिलं.

मी तो एकदाही वापरला नाही. पहिल्या फेरीला तुम्ही तो स्वतः घट्ट बसवून दिलात आणि मी वेशीबाहेरचं बाळे गाव ओलांडल्यावर सायकल थांबवून पान्यानं काढला. बाकीच्यांच्या चकचकीत सायकलींशेजारी ती साबणाची डबी मला नको होती. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत. पेडल जड जातं, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चार्ज होत नाही."

तुम्ही डायनामोचं डोकं बोटानं फिरवून पाहिलंत. मग म्हणालात, "माझ्या हातात चालतंय, तुझ्या पायात कसं न्हाय?" ही थट्टा असावी असं मला वाटलं, म्हणून मी हसलो. पण तुम्ही विचार करत होतात. तीन आठवडे तुम्ही तो खोलून बसलात. प्रत्येक सांधा सोल्डरनं पुन्हा डाखलात. डबी हलवून पाहिलीत, पाण्याचा शिंतोडा मारून पाहिलात. "दोष सापडत न्हाय," एकदा जेवताना म्हणालात, "म्हंजे खराब रस्त्यावर कुटंतरी सुटतंय." तळहाताच्या भरवशावर आयुष्य काढलेला माणूस, आणि तुम्ही स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

पुढच्या फेरीच्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत यायचं होतं. सकाळी डायनामो पुन्हा तुम्हीच बसवलात, पुन्हा मी तो काढून पिशवीत टाकला. टेंभुर्णीच्या चौकात चहाला थांबलो. सगळ्यांनी मिळून पॉवर बँक रिकामी केली होती. माझ्या फोनमध्ये चाळीस टक्के उरले होते, त्यावर परतीची नोंद भागली असती. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही काय विचारणार ते मला माहीत होतं. शेजारी डॉक्टर बसले होते. मी फोन कापला आणि फ्लाइट मोडवर टाकला. तसं केलं की नोंद चालू राहते, कुणाचा फोन मात्र लागत नाही.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तेव्हा आपल्या दारात चपला होत्या. आई म्हणाली, "लई येळा लावला रं तुझा फोन. बंदच. म्हणाले, बंद पडलं बग परत, दोष ऱ्हायलाच. आन् ते दुसरं भंगार काढून भरत बसले." दुपारी टेबलावर तुमची मान खाली गेली होती, ती परत वर आलीच नाही. शेजाऱ्यांनी सोल्डरिंगची गन बंद केली होती. अर्धं भरलेलं वाइंडिंग तिथंच होतं. किती वेढे झाले होते ते कागदावर नव्हतं. पिशवीतून फोन काढला तर अजून एकोणीस टक्के होते.

सगळ्यांना मी सांगितलं की बॅटरी संपली होती. खिशातल्या फोनवर फेरी पूर्ण नोंदलेली होती.

परवा एकटाच बार्शी रस्त्याला गेलो. गाव मागं पडल्यावर डायनामो चाकाला लावला. बारीक घरघर सुरू झाली आणि पन्नासेक हातांवर फोनवर चिन्ह आलं. खड्ड्यातही ते विझलं नाही, पुढच्या वडाळा गावापर्यंत एकदाही विझलं नाही. थांबून त्याच्यावर तळहात ठेवला. थोडा कोमट होता. पेडल जड जातं का, ते पाहायचं राहून गेलं.

काल पाहुणे आले होते. तुमच्या हाताचा विषय निघाला. आई नेहमीसारखं म्हणाली, "सगळी कामं नेटकी केली त्यांनी. शेवटचं तेवढं जमलं न्हाई. वय झालतं." पाहुण्यांनी माना हलवल्या. मी कप उचलून आत गेलो आणि ते विसळत उभा राहिलो.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिता आलं. आईला वाचता येतं. कागद त्याच खणात टॉवेलाखाली ठेवतो आहे, आणि किल्ली माझ्याकडे.