मैदानाच्या फाटकाची किल्ली

अगं,

डोकेदुखीनंतर तुला नुकतीच झोप लागली आहे, म्हणून उठवत नाही. मैदानाच्या फाटकाची किल्ली तुझ्या पर्समधून मी घेतली आहे. शोधत बसू नकोस.

काल मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची मुलगी कुंपणाच्या तारेवरून आत उतरताना पडली. तळहाताला टाके घालावे लागले. मैदान बळकावू पाहणाऱ्या बिल्डरविरुद्धच्या मोर्चाचे कापडी फलक याच ताईंनी फुकट शिवून दिले होते. दवाखान्यात मला म्हणाल्या, "दादा, बिल्डरच्या कुंपणावरून पडली असती, तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या!"

हे मैदान मोकळं राहावं म्हणून तू किती झिजलीस, ते मी पाहिलं आहे. कचरा आणि भांडणं नकोत म्हणून रहिवासी मंडळाने कुलूप लावलं, हेही समजतं. पण मोर्चाला हाक मारून आणलेली माणसंच आता बाहेर राहिली आहेत.

मी फाटक उघडून तिथेच बसतो. आजच्या सभेत विचारलं, तर अध्यक्षा म्हणून माझं नाव सरळ सांग. नवऱ्याला पाठीशी घालू नकोस. काही खाल्ल्याशिवाय गोळी घेऊ नकोस.

घरी अबोला धरण्यापेक्षा तिथे येऊन चारचौघांत भांडलीस तरी चालेल. पण ये.