आभार स्वीकारले जात नाहीत

प्रिय लव्हॉनताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे आणि तिकडे ॲरिझोनात तुम्ही डिसेंबरात खरंच बिनबाह्यांच्या कपड्यांत फिरता का, हे आधीच विचारून ठेवते. एकदा मी माझ्यावर आले की तुझं राहून जाईल. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. मर्लिन खुशाल आहे. तळ्यावर बर्फ धरल्यापासून तो सकाळीच त्याच्या बर्फावरच्या मासे धरायच्या खोपटात जाऊन बसतो, तिथे त्याने शेगडी नेलीय, रेडिओ नेलाय, आणि परवा माझी चांगली उशीही नेली. मी मात्र खुशाल नाही. मी चिडलेली आहे. थँक्सगिव्हिंगपासून चिडलेली आहे, आणि हा राग नाताळपर्यंत पुरून उरेल असं दिसतंय.

झालं असं की आपल्या चर्चमध्ये नव्या पाद्रीबाई आल्यात. टेस त्यांचं नाव. तुझ्या लेकीच्या, शेरिलच्या वयाच्या असतील (पण ऐकून घेतात, रागावू नकोस). थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी त्यांनी सांगितलं की कृतज्ञता हा एक स्नायू आहे आणि रोज वापरला नाही तर तो लुळा पडतो. तेव्हा नाताळपर्यंत प्रत्येकाने, ज्याचे आपण कधीच आभार मानले नाहीत अशा माणसाच्या घरी जायचं आणि तोंडावर आभार मानायचे. फोन चालणार नाही, कार्ड चालणार नाही. आता आपल्या गावाची माणसं तुला ठाऊक आहेत. घराला आग लागली आणि शेजाऱ्याने विझवली, तरी दुसऱ्या दिवशी त्याला 'काल वारा जरा जास्तच होता' एवढंच म्हणतील. बायकोचे आभार मानायचे म्हटलं तर बायको डॉक्टरला बोलावेल. मग या लोकांनी काय केलं, तर सगळ्यात सोपं गिऱ्हाईक शोधलं. अर्ध्या गावाने शाळेत माझ्या हातचं खाल्लंय. ज्याचं ताट माझ्या पळीखालून गेलं नाही असा माणूस इथे एकतर फार म्हातारा आहे किंवा बाहेरून आलेला आहे. सगळ्यांना एकाच वेळी माझी आठवण झाली.

पहिली मार्सेला क्विस्ट आली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दर गुरुवारी तुम्ही राजम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचा रोल द्यायचात, त्यासाठी मी तापातसुद्धा शाळेत यायचे, असं म्हणाली आणि डोळे पुसले. मी तिला कॉफी दिली, भट्टीतले लिंबाचे गोड बार दिले, जाताना डबाही भरून दिला. ती चूक झाली. डब्याची बातमी गावभर गेली. त्यानंतर रोज कोणी ना कोणी दारात उभं. बूट झटकायचे, आत यायचं, खुर्चीच्या टोकावर बसायचं, हवेबद्दल बोलायचं, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलायचं, मग एकदम लाल होऊन आभार मानायचे आणि सुटल्यासारखं ताटलीकडे बघायचं. म्हणजे बघ ताई, आभार त्यांनी मानायचे आणि भट्टी मी पेटवायची. लोणी संपलं, साखर संपली. मी बटाट्याच्या लेफ्से लाटत असताना एक जण स्वयंपाकघरात उभा राहून माझे आभार मानून गेला आणि माझ्या तव्यावरची पोळी जळली.

आणि आभार तरी कसले. आर्विड स्टेने म्हणाला, "हाउगेनबाई, तुमचं ते टूना मासळीचं भट्टीतलं हॉटडिश खाऊन मोठा झालो म्हणून सैन्यात मला कुठल्याच जेवणाचा त्रास झाला नाही." हे त्याने मनापासून सांगितलं. त्याच्या बायकोने मान डोलावली. जेनेल ब्रेकेची तऱ्हा त्याहून वरची. (तीच ती, ड्यूलूथमध्ये वकील आहे, नखं हिरवी करते.) ती म्हणाली, "शाळेत असताना मी तुम्हाला रोज त्या वाफेत घामाघूम झालेलं बघायचे, आणि मनाशी ठरवलं की आपण शिकायचंच. आज मी जी आहे ती तुमच्यामुळे." ताई, मी तिला कॉफीचा दुसरा कप दिला नाही. एवढंच करता आलं. माणूस शिव्या घालायला आला तर त्याला हाकलता येतं, आभार मानायला आलेल्याला काय करणार? हसून बसावं लागतं. गालांना रग लागते.

मर्लिनला सांगितलं तर तो म्हणाला, "लोक चांगलंच बोलतायत ना?" आणि उरलेले बार खिशात घालून तळ्यावर गेला. मग मी एक पुठ्ठा घेतला, त्यावर जाड अक्षरांत 'आभार स्वीकारले जात नाहीत' असं लिहिलं आणि दारावर ठोकला. हा उपाय चालेल असं मला का वाटलं देव जाणे. लोक आता पुठ्ठा बघायला यायला लागले. पाद्रीबाई स्वतः आल्या, दारात उभ्या राहून हसल्या, आणि आत येऊन माझ्या विनोदबुद्धीबद्दल माझे आभार मानून गेल्या. मी विनोद केला नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मागच्या मंगळवारी दारात डेलबर्ट फॉस उभा राहिला.

तुला सगळं माहीत आहे, तरी परत लिहिते. शाळेचं स्वयंपाकघर बंद करून गोठवलेल्या जेवणाची पाकिटं मागवायची, हे ज्या मंडळाने ठरवलं त्याचा प्रमुख डेलबर्ट होता. मला कोणी सांगितलं नाही. मागच्या दाराला एक ट्रक उलटा येऊन लागला आणि ड्रायव्हरने मला विचारलं, बाई, फ्रीझर कुठे आहे, आजपासून जेवण आमचं. मी दुसऱ्या दिवशीच्या चिलीसाठी राजमा भिजत घातला होता. त्यानंतर त्यांनी मला निरोपाचा एक केक दिला आणि त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, तेही तुला माहीत आहे. ते सोड. केकचा मला राग नाही. (आहे.)

तर तो डेलबर्ट, हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं नाताळचं लाल रोपटं, आणि घरून पाठ करून आलेला. पुठ्ठा वाचून त्याने घसा खाकरला.

"आर्डिस, इतकी वर्षं तू या शाळेची जी सेवा केलीस, त्याबद्दल..."

"बूट काढ आणि आत बस," मी म्हटलं. "आणि ते वाक्य पुरं करू नकोस."

तो बसला. रोपटं मांडीवर. मी समोर बसले. कॉफी ठेवली नाही.

"तुझे आभार मला नकोत, डेलबर्ट. तू काय केलंस ते मला सांग."

"त्या वेळी मंडळाला असं वाटलं की..."

"मंडळ माझ्या घरी आलेलं नाही. तू आलायस."

मग तो रोपट्याचा चंदेरी कागद सारखा करत बसला. तेवढ्यात मर्लिन मागच्या दाराने दोन मासे घेऊन आत आला, आमच्याकडे बघितलं, आणि माशांसकट परत बाहेर गेला. तळ्यावर जाऊन बसला असणार. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने एवढं शहाणपण प्रथमच दाखवलं.

शेवटी डेलबर्ट रोपट्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हात सगळ्यात आधी मी वर केला. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी नसता केला तर त्यांनीही केला नसता."

"पुढे."

"तुला सांगायचं काम माझं होतं. त्याच दुपारी मी शाळेपर्यंत आलो होतो. गाडीतून उतरलो. खिडकीतून तू दिसलीस, पळी हातात घेऊन कोणावर तरी ओरडत होतीस. मी परत गाडीत बसलो आणि घरी गेलो."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझी," तो म्हणाला. "आणि लाज वाटली. तू आम्हा सगळ्यांना जेवू घातलंस, आणि मी तुला एका ट्रकवाल्याकडून कळू दिलं. ते वाईट झालं. मी वाईट केलं."

ताई, हे वाक्य ऐकायला मी किती वाट बघितली होती. रात्रंदिवस मनात त्याला उत्तरं दिली होती, एकाहून एक. मी म्हटलं, "हो, वाईट केलंस." बस, एवढंच. मग त्याने सांगितलं की त्याची नात ती पाकिटं उघडतसुद्धा नाही, नुसतं दूध पिऊन घरी येते. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोरगी दुपारभर उपाशी बसते म्हणून मी अजूनच चिडले, आणि त्याला सांगितलं की हात तू पहिला वर केला होतास, तर आता तोंडही तूच पहिलं उघड. जानेवारीत मंडळ बसेल तेव्हा उभा राहा आणि हे असंच, न पाठ करता, बोल. तो म्हणाला, बोलेन. बोलेल की नाही ते बघू. मी येऊन मागच्या रांगेत बसणार आहे असं त्याला सांगितलंय. पळी घेऊन.

मग मी त्याला कॉफी दिली. बार दिले नाहीत. मी त्याला माफ केलेलं नाही, हे गावात कोणी तुला वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. राग तसाच आहे. पण बसायला जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा तो घरभर फिरत होता, तो आता कुठेतरी खुर्चीत बसलाय. आणि ते रोपटं खिडकीत आहे. त्याला पाणी घालते. त्याने माझं काही केलेलं नाही.

मर्लिन तुला नमस्कार सांगतो, म्हणजे सांगितला असता. गुडघ्याला ऊब दे. हॅरल्डभावोजींना म्हणावं, गोल्फ पुरे.

तुझी धाकटी बहीण,
आर्डिस

ता. क. : पाद्रीबाईंनी मला चर्चच्या दारात गाठून विचारलं की, हाउगेनबाई, तुम्ही स्वतः कोणाकडे जाणार? मी म्हटलं, मला नाही कोणाचे आभार मानायचे. त्या नुसत्या उभ्या राहिल्या (ही त्यांची वाईट सवय आहे), आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. स्वयंपाकघर गेलं त्या उन्हाळ्यात सगळं गाव मला सांगत होतं की नवरा धडधाकट आहे, घर आहे, जे आहे त्यात आनंद मान. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस आणि फक्त विचारायचीस, "मग पुढे काय केलं त्या डुकराने?" तेच तेच रोज ऐकलंस. एकदाही म्हणाली नाहीस की पुरे आता.

ता. ता. क. : फोन चालत नाही, कार्ड चालत नाही. मी काही विमानात बसणार नाही. तेव्हा नाताळला तूच ये. मर्लिन ड्यूलूथच्या विमानतळावर घ्यायला येईल. त्याला मी विचारलेलं नाही.

आणखी एक : ते मी एकदाच बोलेन. जेवणानंतर भांडी घासताना, तुझ्याकडे पाठ करून. तू मधे बोलू नकोस, 'कशाबद्दल' म्हणून विचारू नकोस, ताटल्या पुसत राहा. आणि मी पाठ केली होती हे पाद्रीबाईंना सांगायची काही गरज नाही.