कोल्ह्याच्या रानातले दगड

कुठली मेंढी कवा व्याली ते तुमी मरताना पण सांगत बसला. पोरीला कुठं पुरलं तेवढंच सांगायचं राहिलं व्हय?

आवं मारुतीचं आबा,

कोकणात जाऊन आल्यापासून मन थाऱ्यावर न्हाई, म्हणून लिहायला बसले. अक्षर मोडकं हाय, लावून घ्या.

आपली थोरली नात सांगलीला नोकरी करती. तिनं समुद्र दाखवायला नेलं. उतरून बघते तर तीच खाडी, तोच कातळ, जिथं आपण दर हिवाळ्याला मेंढरं घेऊन जायचो. आता कुंपण घातलंय. निसर्ग उद्यान म्हणत्यात. जुन्या बंदराची माहिती लिहिलीय, कोल्ह्याचा मोठा फोटो लावलाय. जलमभर ज्याला धोंडे मारले, त्याला बघायला तिकीट काढलं! मेंढरं नेणाऱ्यांचा मात्र पाटीवर शब्द न्हाई.

मग दगडांचे ढीग दिसले आणि माझं हसू गेलं.

आपली तारी तिथंच तापानं गेली. बायांनी मातीला येऊ नये म्हणून सासूबाईंनी मला पालावर बसवलं, तुमी एकटं गेला. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड रचले, एवढंच कानावर आलं. सकाळी कळप हलवला. जागा विचारली की सासूबाई म्हणायच्या, "मागं बघू नगंस." तुमी बिडी पेटवायचा. तुमाला तोंड नव्हतं का?

माहिती सांगणाऱ्या बाईला विचारलं, "ह्यो ढीग कशाचा?"

"जुन्या खलाशांची खूण असेल, आजी. नक्की माहीत नाही."

असे तीन ढीग. नात म्हणाली, "आजी, तिन्हींना हात जोड की."

"मी काय मतं मागायला आलेय?"

एक आठवलं. तारी गेल्यावर खाडीच्या अंगाला एका तुकड्यावर तुमी मेंढरं कधी चरू दिली न्हाईत. काठी आडवी धरायचा. गवत चांगलं हाय की, म्हटलं तर म्हणायचा, "विषारी हाय." एक ढीग त्याच अंगाला हाय. तोच का? मग मला विषाची भीती कशाला घातली?

तो असंल तर येत्या थंडीत परत जाईन. आत खायचं न्यायला बंदी हाय, तरी ओच्यातनं बाजरीची भाकर नेईन आणि तिथं ठेवीन. कोल्ह्यानं खाल्ली तर खाऊ दे.

सपनात येऊन सांगा. पण तुमीच या. सासूबाईंना धाडू नका, तुमच्याऐवजी त्या लय बोलल्या.

तारीची आई