एक माणूस जास्त

८ मार्च

ताईचं सगळं आटोपून आत्ता घरी आलो. दोन होड्या, मधे अर्धा तास चाल.

काल होडीवाल्याला दार सताड उघडं दिसलं. त्यानेच डॉक्टरांना नेलं, त्यानेच मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, ताप अंगावर काढलेला दिसतो, जाऊन दोन दिवस झाले असतील. म्हणजे पाच तारीख.

उचलायला माणसं नव्हती. खाडीपलीकडच्या गावातून चौघांना बोलवावं लागलं. वस्तीत सतरा घरं, पण समुद्र आत शिरायला लागल्यापासून सगळे शहरात. राहत होती ती एकटीच.

घर आवरलं. दारात तिच्या चपला होत्या, काळा गाळ वाळून टणक झालेला. पिशवीत घालून घेऊन आलो. का आणल्या, माहीत नाही.

बायको म्हणाली, "चार तारखेला जाऊन आलात ते बरं झालं. निदान शेवटची भेट तरी झाली."

मी मान हलवली.

९ मार्च

इथे तरी खरं लिहितो. चार तारखेला मी गेलो नव्हतो.

त्या दिवशी जनगणना. ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिला होता. ती वस्ती कोणालाच नको होती. "घर तुमचं, बहीण तुमची, तुम्हीच जा," साहेब म्हणाले. मी होडीवाल्याबरोबर ताईला निरोप पाठवला — चारला येतो, घरी थांब.

सकाळी धक्क्यावर गेलोही. पाणी उसळलेलं. होडी तासभर उशिरा सुटेल म्हणाले. माझ्या मनात आलं, एका माणसासाठी अख्खा दिवस! परत फिरलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत फॉर्म भरला. सख्ख्या बहिणीची माहिती कोणाला विचारायची? स्त्री. वय ६१. मुलं नाहीत. भेटीची वेळ १०.४०. मुद्दाम चाळीस. साडेदहा लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं!

गेलो असतो तर तिचा ताप दिसला असता. सोबत घेऊन आलो असतो.

ती दिवसभर घरी थांबली असेल.

११ मार्च

ऑफिस. सगळे येऊन बोलून गेले. फॉर्म सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेला. १०.४० सगळ्यांना पाठ.

"नशीब म्हणायचं तुमचं," टायपिस्ट म्हणाली. "आदल्याच दिवशी भेट! काय म्हणाल्या हो?"

"बरी होती," म्हणालो.

एका खोट्यावर दुसरं.

१३ मार्च

जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत 'भूगोल व लोकसंख्या' हे प्रकरण माझ्याकडे आहे. दिवसभर तेच. डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पाच खाड्यांनी तोडलेली. समुद्राच्या बाजूला पांढरी वाळू, खाडीच्या पात्रात काळा गाळ. शहर दहा वर्षांत दुप्पट, किनाऱ्याच्या वस्त्या ओस.

नकाशेवाला टेबलाशी आला. "या टोकावरच्या वस्तीचा ठिपका ठेवू की काढू?"

"ठेव. मोजणीत एक आहे."

"एका माणसाचा ठिपका? सुईने टोचावा लागेल!" म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. जीभ चावून गेला.

१५ मार्च

दुपारी मागच्या खोलीतून कोणीतरी "घुम्या" म्हणून हाक मारली. लहानपणापासून मी बोलत नाही म्हणून ताई मला घुम्या म्हणायची. दुसरं कोणी नाही.

बायको बाजारात गेली होती. खोलीत जाऊन पाहिलं. खिडकी लावून घेतली.

१८ मार्च

खाडीपलीकडच्या गावाची बेरीज जुळत नाही. घरोघरच्या यादीप्रमाणे माणसं ६१२. तिथून कळवलेले एकूण फॉर्म ६१३. एक माणूस बिनघराचा.

तीनदा केली.

१९ मार्च

एक जास्तच.

२१ मार्च

साहेब वैतागले. "साडेअकरा लाखांचा जिल्हा आणि तुम्ही एकासाठी अडून बसलात! ६१२ करा आणि पुढे चला."

"माणूस आहे, साहेब."

"मग शोधा! पण सोमवारपर्यंत."

माझ्याकडे असं पाहिलं, जणू याचं डोकं ठिकाणावर नाही. असेलही तसं. न जाता एक माणूस लिहून झाला. न पाहता एक खोडणं आता माझ्याच्याने होत नाही. त्या गावाची मोजणी शाळेतल्या बाईंनी केली होती. त्यांना गठ्ठा घेऊन या असा निरोप पाठवला.

बायकोने पिशवी उघडली. "या चपला धुऊन तरी ठेवू का?" नको म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो.

२४ मार्च

बाई आल्या. नुकत्याच बदलून आलेल्या, गप्पिष्ट. ६१३ म्हटल्यावर हसल्याच.

"अहो, ती आजी! चार तारखेला दुपारी ओहोटी लागली तशी खाडीतून चालत आली. गुडघ्यापर्यंत काळी! म्हणे, आमच्याकडे मोजणीवाला आला नाही, माझं नाव तुम्ही घ्या. मी म्हटलं, येईल की तुमचा माणूस. तर म्हणे, तो माझा भाऊच आहे. अडकला असेल कुठेतरी. माझ्यापायी त्याचा कागद कोरा राहिला तर साहेब बोलतील त्याला."

मी गठ्ठ्याची दोरी सोडत होतो. सुटेना.

"मुलं किती विचारलं, तर म्हणे एक. पोटचा नाही, पण वाढवलाय मी, लिहा! मी म्हटलं, आजी, तसं लिहिता येत नाही हो. मग लिहू दिलं शून्य, पण तोंड वाकडं करून. अंगात कणकण होती, खोकत होती. बसा, चहा घ्या म्हटलं, तर म्हणे भरती चढेल. आमच्या गावात तिचं घर नाही म्हणून घरांच्या यादीत नाही घेतलं. चुकलं का माझं?"

"नाही. बरोबर केलंत."

"गेली म्हणे बिचारी लगेच. आणि तो भाऊ कोण, कोणास ठाऊक. एक दिवस आला असता तर काय झालं असतं त्याला?"

मी गठ्ठा ठेवून घेतला.

बाई गेल्यावर फॉर्म वाचला. वय ६६. मधली पाच वर्षं मला ठाऊकच नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं सुबक अक्षर: 'प्रगणक न आल्याने स्वतः हजर.'

२५ मार्च

६१३ बरोबर आहे. ताई तिथे मोजली गेली, तिथेच राहू दे. माझ्या फॉर्मवर तिरकी रेघ मारली, खाली 'भेट दिली नाही' लिहिलं, सही करून साहेबांपुढे ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. तीनच तर शब्द होते.

टोकावरची वस्ती: घरे १७, माणसे शून्य. नकाशेवाल्याला ठिपका काढायला सांगितलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उठून आत गेली.

आमच्या वस्तीच्या बाजूला नुसती वाळू आहे. काळा गाळ फक्त खाडीत. प्रकरणाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय.

मोरीत बसून ताईच्या चपला धुतल्या. पाणी बराच वेळ काळं येत होतं.