डब्यातला गुटका

देवास, मंगळवार

तीर्थरूप भावजींना शैलाचा नमस्कार.

हे गेल्यावर कारखान्यातली नोकरी तुम्हीच लावून दिलीत, म्हणून तुम्हालाच लिहितेय. आमचे योगेंद्र साहेब हल्ली माझ्या मस्करीवर हसतात. "भिया, मिशीला बूटपॉलिश कोणतं?" असं इकडच्या बोलीत भाऊ म्हणून विचारलं की आधी खवळायचे. प्रेस मशीनखाली माझ्या जोडीच्या कोमलची दोन बोटं गेली तेव्हापासून हसतात, आणि मला भ्या वाटतं.

त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात वाचतात. माल लवकर निघावा म्हणून साहेबांनी एका बटणात लाकडी गुटका, म्हणजे ठोकळा, ठोकला; ते बटण कायम दाबलेलंच राहतं. मी डोळ्यांनी बघितलं.

आज म्हणाले, "शैलाभाभी, उद्या दहाला अपघाताच्या तपासणीला जाँचवाले येणार. गुटका कोमलनेच लावला, एवढ्यावर सही करा."

मी म्हटलं, "सही विसरले हो, गावच्या शाळेतली मी."

हसले. "मग सकाळी आठपासून कोमलच्या मशीनवर तुम्हीच बसा."

जेवणाच्या सुट्टीत मी तो गुटका उपटला आणि डब्यात पोळ्यांखाली ठेवला. सुट्टीनंतर बघते तर बटणात नवा गुटका! संध्याकाळी घरी निघाले तर फाटकावर साहेब उभे होते.

"भाभी, डबा आज भारी दिसतोय," म्हणाले, आणि परत हसले.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही धावत याल आणि म्हणाल, "चूप बैस, सही कर." डबा मी उद्या जाँचवाल्यांसमोरच उघडणार. त्या मशीनवरचे आठ ते दहा हे दोन तास तेवढे निघायला हवेत.

तुमची तोंडाळ भावजय,
आज तरी दहा बोटांची,
शैला