‘अंजनीचा डबा’ आणि माझे पाच मिनिटांचे भाषण

५ जानेवारी १९५४
नवी रोजनिशी. निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये चंदरच्या दुकानातून आणली. चंदर फाळणीत सिंधमधून आला. आता कागद, दौती आणि थोडी पुस्तके विकतो. यंदाचे संकल्प : पहाटे उठणे. विडी बंद. विचारस्वातंत्र्यासाठी लढणे. पहिले दोन उद्यापासून. तिसऱ्याला सुरुवात करायची गरज नाही, ते रक्तातच आहे. बेचाळीस साली सरकारने जप्त केलेली पुस्तिका मी वाचली होती. पहिली चार पाने. पुढची पाने ज्याच्याकडे होती त्याला पकडले.

१० जानेवारी, रविवार
आमच्या अंबरनाथच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची बैठक. मी चिटणीस, म्हणून सतरंजी मीच घातली. विषय एकच : ‘अंजनीचा डबा’ ही कादंबरी. लेखिका सुनेत्राबाई. बदलापूरच्या शाळेत शिकवतात, आपल्याच वाचनालयाच्या सभासद. गोष्ट मोरिवलीच्या एका विधवेची. ती कारखान्यात पॅकिंगला लागते आणि पान शहाऐंशीवर महिपती नावाच्या फिटरबरोबर एकाच डब्यातून जेवते.

अध्यक्ष विष्णुपंत, रिटायर्ड अव्वल कारकून. म्हणाले, हे पुस्तक कपाटात राहिले तर आपल्या लेकीसुना हातच्या जातील. गुरुदत्तसाहेबांनी मान डोलावली. साहेब कारखान्यात माझ्या सेक्शनचे मुख्य. मी नम्रपणे विचारले, आपण वाचलेत का? विष्णुपंत म्हणाले, विषाची परीक्षा कोण पाहतो? यावर सगळे हसले. मीही हसलो, पण उपरोधाने.

ठरले : ७ मार्चच्या वार्षिक सभेत पुस्तक काढून टाकण्याचा ठराव. तोपर्यंत पुस्तक चिटणिसाच्या ताब्यात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

११ जानेवारी
पहाटे उठलो नाही. पुस्तकाला खाकी कव्हर घालून वर ‘स्टोअर्स नियमावली’ असे लिहिले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या स्टोअरमध्ये खोक्यांच्या मागे बसून टीकाकाराच्या नजरेने दहा पाने वाचायची होती. साठ वाचली. भोंगा ऐकू आला नाही. गुरुदत्तसाहेब आले, कव्हर पाहिले आणि म्हणाले, व्वा, इतरांनीही हे वाचले पाहिजे. साहेबांच्या तोंडून सत्य बाहेर पडले.

१४ जानेवारी. संक्रांत
संपवले. पान शहाऐंशीवर काहीही होत नाही. महिपती डबा विसरलेला असतो. अंजनी डबा उघडते. भाकरी आणि सुकटीची चटणी. ती भाकरीचे दोन तुकडे करते, एक मोठा होतो, एक लहान. मोठा त्याला देते. बस. आणि मी खोक्यांच्या मागे बसून रडलो. (सुकटीचा उल्लेख असावा. मला तो वास लहानपणापासून सहन होत नाही.)

इतके गोड पुस्तक मी आजवर वाचलेले नाही. मधेच हसू येते, मधेच तेच पान पुन्हा वाचावेसे वाटते. पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केले. केवळ अभ्यासासाठी.

२० जानेवारी
पुस्तक जागेवर नाही! लवकर घरी आलो तर माझी बायको मालिनी स्वैपाकघरात बसून माझ्या आईला, माईला, मोठ्याने वाचून दाखवते आहे. मी म्हणालो, हा ग्रंथ वादग्रस्त आहे, परिपक्व मनांसाठी आहे. बायको म्हणाली, आमचं दोनदा वाचून झालंय, आता आवडलेली पानं पुन्हा वाचतोय, तुम्ही हातपाय धुऊन घ्या.

माई चोविसाव्या वर्षी विधवा झाली. मी तेव्हा दीड वर्षाचा. तिने पान शहाऐंशी आणखी एकदा वाचायला लावले.  म्हणाली, त्या अंजनीला सांग गो, पोटभर जेव म्हणावं. माईला साहित्यातले फारसे कळत नाही.

३१ जानेवारी, रविवार
सुनेत्राबाई वाचनालयात भेटायला आल्या. किडकिडीत, हातात छत्री, बोटाला खडू लागलेला. म्हणाल्या, शाळेचे चालक वाट पाहताहेत. वाचनालयाने पुस्तक काढले तर जूनपासून कामावर यायचे नाही असे तोंडी सांगितले आहे. घरात वडील, अण्णा, अंथरुणाला खिळलेले. दुसरे मिळवते कोणी नाही.

त्यांना मेहरबानी नको होती. त्या म्हणाल्या, माझं पुस्तक वाईट आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांतल्या एकानंही ते वाचलेलं नाही. सभेत एखाद्याने नुसतं उभं राहून सांगावं की मी वाचलं आणि मला आवडलं. एकाने सांगितलं की दुसरा सांगेल. मी म्हणालो, बाई, एक वाक्य? मी तासभर बोलेन. त्या म्हणाल्या, एक वाक्य पुरे. जाताना दोनदा म्हणाल्या.

मी शब्द दिला आहे. प्राण जाए.

९ फेब्रुवारी
भाषण बावीस पानांचे झाले. सुरुवात ग्रीस देशापासून. सुनेत्राबाई पान एकोणीसवर येतात. ‘मला आवडले’ हे वाक्य अजून कुठे बसत नाही. या भाषेपुढे ते फार साधे दिसते. शेवटी घालू.

१४ फेब्रुवारी, रविवार
अडचण. आमच्या सभेची प्रथा अशी की ठरावाचा सूचक आणि अनुमोदक यांना पाच-पाच मिनिटे हमखास मिळतात. विरोध करणाऱ्याला ‘वेळ उरल्यास’. आणि मागे चहाची किटली आली की वेळ उरत नाही. गेल्या वर्षी वर्गणीवाढीला विरोध करायला एक गृहस्थ उभे राहिले, आणि अध्यक्षांनी आभार मानल्यावर शंकरपाळे खाऊन घरी गेले.

रात्रभर विचार करून तोड काढली. मीच अनुमोदक व्हायचे! पाच मिनिटे पदरात पाडून घ्यायची आणि आत शिरून ठरावाला सुरुंग लावायचा. गनिमी कावा. विष्णुपंतांना सांगितले तेव्हा त्यांना गहिवरून आले. म्हणाले, मधुकरराव, तुमच्याबद्दल माझ्या मनात थोडी शंका होती, ती गेली.

मालिनीला बेत सांगितला. ती म्हणाली, त्यापेक्षा सरळ विरोधात हात वर करा की. मालिनीला डावपेच कळत नाहीत.

२३ फेब्रुवारी
गुरुदत्तसाहेब ठरावाचे सूचक. आज त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. सीनियर क्लार्कच्या जागेबद्दल मोघम बोलले. त्यांना संशय येऊ नये म्हणून मी आनंद दाखवला.

बावीस पानांची पाच मिनिटे करायची आहेत. ग्रीस काढवत नाही, पायाच तो. तूर्त सुनेत्राबाईंचा भाग काढला, तो मला तोंडपाठ आहे.

३ मार्च
मालिनीपुढे रंगीत तालीम. घड्याळ तिच्या हातात. सात मिनिटे झाली तरी पुस्तक आले नव्हते. तिने कागद काढून घेतले. म्हणाली, फक्त म्हणा, मी हे पुस्तक वाचलं आणि मला आवडलं. मी चुलीसमोर उभा राहून म्हटले. माई म्हणाली, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हटले. चांगले जमले. आवाज थोडा वर चढवला तर सभागृह हलेल.

७ मार्च, रविवार. संध्याकाळ
सभा झाली. साठ माणसे. शेवटच्या रांगेत सुनेत्राबाई. ‘संबंधित व्यक्ती’ म्हणून त्यांना बोलता येणार नाही आणि मतही नाही असे विष्णुपंतांनी आधीच जाहीर केले. गुरुदत्तसाहेबांनी ठराव वाचला. टाळ्या.

विष्णुपंत म्हणाले, अनुमोदक? मी उभा राहिलो. कागद हातात. घसा साफ केला. म्हणालो, अध्यक्षमहाराज, या ठरावाला अनुमोदन देताना. इथे पुन्हा टाळ्या पडल्या. माझे वाक्य पुरे झाले नव्हते. त्याच्या पुढेच ‘परंतु’ होते. विष्णुपंत म्हणाले, मधुकररावांच्या भावना आपल्याला ठाऊकच आहेत, चहा निवतोय, भाषण नको.

मी ‘परंतु’ म्हणालो, हे नक्की. पण कपबश्या वाजत होत्या. साहेब माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो. मग मी कागदांची घडी घातली आणि बसलो.

विरोधात कोणी? विष्णुपंतांनी विचारले. दाराशी एक हात वर होता. मालिनीचा. ती येणार आहे हे मला ठाऊक नव्हते. विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिले, कारण यादी चिटणिसाकडे असते. मी नियमाप्रमाणे सांगितले, त्या सभासद नाहीत. हात मोजला गेला नाही. मालिनीने तो लगेच खाली घेतला नाही.

ठराव एकमताने मंजूर.

सुनेत्राबाईंनी चहा घेतला नाही. माझ्याजवळून गेल्या. मला वाटले काहीतरी बोलतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्या नुसत्या गेल्या. शंकरपाळे नरम होते.

८ मार्च
कारखान्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. घरी मालिनी कामापुरते बोलते. माई बोलतच नाही.

पण डाव संपलेला नाही! सभेचे इतिवृत्त कोण लिहितो? चिटणीस. आज बसून लिहिले : ‘चिटणिसांनी अनुमोदनाच्या ओघात प्रस्तुत कादंबरीच्या वाङ्मयीन गुणांचा निर्भीडपणे गौरव केला.’ याची नक्कल बदलापूरच्या शाळेला जाणार. चालक वाचतील, विचारात पडतील. कितीतरी दिवसांनी दोन घास जास्त गेले.

१४ मार्च, रविवार
मंडळापुढे इतिवृत्त वाचून कायम करायचे होते. ‘गौरव’ आला तसे विष्णुपंतांनी थांबवले. केव्हा केलात? मी म्हणालो, मनात. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. विष्णुपंत म्हणाले, मनातले सभासदांना दिसत नाही, खोडा. मी खोडले. समासात सही केली. मग ‘सूचक : गुरुदत्त, अनुमोदक : मधुकर, ठराव एकमताने मंजूर’ एवढे राहिले.

शाळेसाठी नक्कल माझ्याच अक्षरात. दोन दिवस उशीर केला असता तर कोणी विचारले नसते. परंतु कर्तव्य म्हणजे कर्तव्य. पोस्टात मीच टाकली. अक्षर सुरेख आले आहे.

२२ मार्च
कॅम्प दोनला गेलो. चंदरने दुकानातून हाक मारली. म्हणाला, साईं, तुमच्या ठरावाने कमाल केली! तो डब्बावाला किताब कोणी विचारत नव्हता, आता एक पण कॉपी नाही उरली. परत मागवल्या. तुमचे तो बुढ्ढे साहब, विष्णुपंत, ते पण घेऊन गेले, बोलले अभ्यासाला पाहिजे. आता दर महिन्याला एक ठराव करा ना!

म्हणजे पुस्तक घरोघर पोचले, आणि ते माझ्यामुळे! हेच माझे मूळ धोरण होते असे आता लक्षात येते. सुनेत्राबाईंना अभिनंदनाचे पत्र लिहायला घेतले. ‘आपल्या संयुक्त विजयाबद्दल’ अशी सुरुवात केली. पुढे सुचेना. उद्या लिहीन. मी तिसऱ्यांदा पुस्तक वाचले. वाचनालयाची प्रत परत करायची राहिलीच आहे. तशी ती आता कोणाचीच नाही.

२ एप्रिल
पत्र अजून गेले नाही. सीनियर क्लार्कची जागा दुसऱ्याला दिली. साहेब म्हणाले, तुम्ही तर वाचनालयाच्या कामात गुंतलेले असता.

११ एप्रिल, रविवार
मालिनी सकाळी मला न सांगता बदलापूरला गेली होती. दुपारी आली. तिच्याकडून कळले ते असे.

शाळेने ठरावाची नक्कल दाखवूनच सुनेत्राबाईंना सांगितले, तुमच्या वाचनालयातच एकही माणूस तुमच्या बाजूचा नाही तर आम्ही काय करणार. बाई सामान बांधत आहेत. अण्णांना घेऊन मावसभावाकडे धुळ्याला जातील, तिथे शिवणाचे काम बघतील. दुसऱ्या कादंबरीची निम्मी पाने लिहून झाली होती. ती त्यांनी बंबात घातली. मालिनीच्या समोर नाही, आधीच.

मालिनीने त्यांना सांगितले, मी वाचलं आणि मला आवडलं, आमच्या सासूबाईंनाही. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर म्हणालं. मग विचारले, तुमच्या यजमानांनी वाचलं होतं का हो?

मालिनी म्हणाली, नाही. त्यांना वेळच झाला नाही.

मी चिडलो. म्हणालो, खोटे का सांगितलेस? मी तीनदा वाचले आहे. मालिनी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, न वाचता केलंत म्हटलं तर त्या तुम्हाला अडाणी समजून सोडून देतील. वाचून केलंत, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?